माग, ठसा आणि संशय

डिटेक्टिव्ह म्हटले की आपल्यासमोर कादंबरीतला माणूस उभा राहतो. उर्दू वाचणाऱ्या घरांत तो इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’तला कर्नल फरीदी असतो. १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झालेल्या त्या मालिकेने उर्दूच्या किती पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे आपण जाणतोच. मराठी वाचणाऱ्या घरांत त्याच जागी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड असतो. दोघेही देखणे, धाडसी, वेशांतरात तरबेज, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगाराला गाठणारे.

खरा डिटेक्टिव्ह असा नसतो. त्याच्याजवळ बहुधा एक वही असते, दोन पंच असतात आणि वरून साहेबांची घाई असते. तरीही त्याचे काम समाजाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे, कारण निरपराध माणूस आणि तुरुंग यांच्यामध्ये पहिली भिंत न्यायाधीशाची नसते, तपास करणाऱ्याची असते. ही भिंत पक्की असेल तर न्यायाधीशाचे काम सोपे होते. ती कच्ची असेल तर निर्दोष सुटायलाही दहा-दहा वर्षे लागतात. आपल्या समाजाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या विद्येला आपल्या सातारा-सांगली भागात मोठा इतिहास आहे. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या लेखात दोन्ही जिल्ह्यांचा विचार एकत्र केला आहे.

शब्द काय सांगतात

आमच्या उर्दू शाळेतली मुले ‘जासूस’ म्हणतात आणि मराठीच्या तासाला ‘गुप्तहेर’ असे लिहितात. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत असे त्यांना वाटते. ‘जासूस’ हा अरबी शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ हाताने चाचपून पाहणे. हाच शब्द मराठीत ‘जासूद’ होऊन आला. पेशवाईच्या दप्तरांत जासूद म्हणजे पत्रे पोचवणारा आणि जाता-येता बातमी आणणारा माणूस. पाळत ठेवणाऱ्याला ‘नजरबाज’ म्हणत.

पोलीस ठाण्यात आजही जी मराठी चालते तिच्यात फार्सी-अरबी शब्द पावलोपावली भेटतात. गुन्हा, फिर्याद, जबानी, खबर, हवालदार, जमादार, शिपाई हे सगळे त्याच वाटेने आलेले. ‘पंचनामा’ तर अर्धा संस्कृत आणि अर्धा फार्सी. उर्दू शिकणाऱ्या मुलाला फिर्यादीची मराठी परकी वाटायचे कारण नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

पण हेर आणि तपासनीस यांच्यात एक मूलभूत फरक आहे, तो शब्दांच्या गर्दीत हरवू नये. हेर राज्यासाठी काम करतो. काय घडणार आहे याची बातमी तो आणतो आणि बातमी आणली की त्याचे काम संपते. तपासनीस न्यायासाठी काम करतो. जे घडून गेले आहे ते कोणी केले हे त्याला शोधायचे असते, आणि नुसते शोधून भागत नाही, ते तिऱ्हाइतापुढे सिद्ध होईल असे मांडायचे असते. बातमी कानात सांगून चालते. पुरावा मात्र चारचौघांत ठेवावा लागतो.

पावलाचा माग

आपल्या गावांतला पहिला तपासनीस कोतवालीत नव्हता, गावाच्या वेशीवर होता. सातारा-पुणे भागात गावाची राखण महार आणि रामोशी समाजाकडे असे. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये तयार केला. त्यात या राखणदाराच्या कामाचे सविस्तर वर्णन आहे. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक राखणदाराला माहीत असली पाहिजे. रात्री कोण आले, कोण गेले यावर त्याची नजर हवी. चोरी झाली तर चोर शोधणे ही त्याचीच जबाबदारी.

शोधण्याची रीत पाहण्यासारखी होती. चोराच्या पावलाचा ठसा सापडला की राखणदार काठीने त्याचे माप घेई आणि माग काढत आपल्या शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावात शिरला तर तिथल्या राखणदाराला बोलावून, त्याची खात्री पटवून, ते माप त्याच्या हवाली केले जाई. मग पुढचा माग त्याने काढायचा. असे एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे पाऊल जात राही. ज्या गावाच्या हद्दीत माग संपला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. राखणदाराच्या ऐपतीबाहेरची भरपाई गावाने भरायची.

या रिवाजात दोष होते. गरीब राखणदाराला दुसऱ्याच्या चोरीचा भुर्दंड बसे आणि सबंध गाव वेठीला धरले जाई. तरी त्यात एक गोष्ट अशी होती की ती आजच्या तपासाचाही कणा मानली जाते. माग पुढच्या गावाला पटवून द्यावा लागे. ‘चोर तुमच्याच गावचा आहे, तुमची माणसेच तशी’ असे म्हणून भागत नसे. पाऊल दाखवावे लागे, माप जुळवावे लागे, आणि समोरचा राखणदार ‘होय’ म्हणेपर्यंत जबाबदारी सरकत नसे. सुरुवात पावलापासून व्हायची आणि शेवटी माणूस सापडायचा. आधी माणूस ठरवायचा आणि नंतर त्याच्या मापाचे पाऊल शोधायचे, ही उलटी वाट पुढच्या काळात आली.

बातमी आणि १८५७

हेरांच्या इतिहासात सांगली जिल्ह्याला मानाचे स्थान आहे. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर दाखवतात. १६६४ च्या सुरत स्वारीआधी त्या शहराची बातमी त्यांनी आणली, हे सर्वश्रुत आहे. पण ते काम राज्याचे आणि युद्धाचे होते. तोच हेर जेव्हा परक्या सत्तेच्या हाती आपल्याच लोकांवर वापरला जातो, तेव्हा त्याचे रूप कसे बदलते, ते साताऱ्याने १८५७ मध्ये पाहिले.

छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अनेक वर्षे अर्ज-विनंत्या करून रिकाम्या हाताने परतले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले होते. १८५७ मध्ये उत्तरेत उठाव झाला तेव्हा साताऱ्यातही कटाची जुळवाजुळव सुरू होती. तिची बातमी फुटली. धरपकड झाली, खटला चालला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला. ५ जणांना फाशी दिली, ६ जणांना गोळ्या घातल्या आणि ६ जणांना तोफेच्या तोंडी दिले. त्या सतरांत रंगो बापूजींचे पुत्र सीतारामही होते. स्वतः रंगो बापूजी मात्र निसटले. इंग्रजांनी जंग जंग पछाडले, पण हा वयोवृद्ध वकील त्यांना कधीच सापडला नाही. ज्या मुलखात राखणदार पावलावरून चोर शोधीत, त्याच मुलखात एवढ्या मोठ्या सरकारला एका म्हाताऱ्या माणसाचा माग लागला नाही. माग लोकांच्या मदतीने लागतो आणि लोकच नको म्हणत असतील तर पाऊलही दिसत नाही, असाच याचा अर्थ.

त्याच महिन्यांत मुंबईत चार्ल्स फोर्जेट हा पोलीस अधिकारी वेश पालटून वस्त्यांतून हिंडत होता. तो हिंदुस्थानातच वाढलेला. मराठी आणि हिंदुस्तानी त्याला घरच्यासारखी येई. सोनापुरातल्या एका घरात शिपायांच्या गुप्त बैठका होतात असे कळल्यावर त्याने भिंतीच्या भोकातून त्या स्वतः पाहिल्या-ऐकल्या आणि लष्करी अधिकाऱ्यालाही दाखवल्या. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. आजच्या आझाद मैदानाचा तो परिसर. एक मुसलमान, एक हिंदू, आणि दोघांसाठी तोफ सारखीच.

फोर्जेटला मुंबईच्या डिटेक्टिव्ह पोलिसांचा जनक म्हणतात. त्याची हुशारी नाकारता येणार नाही. पण आपल्याकडच्या आधुनिक तपासयंत्रणेचा जन्म सत्तेच्या धास्तीतून झाला, ही गोष्टही विसरता येत नाही. चोर शोधणे आणि बंडखोर शोधणे ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडली. तिथून ‘तपास’ आणि ‘पाळत’ यांची जी सरमिसळ झाली, ती पुरती कधी सुटलीच नाही.

मीर अब्दुल अली आणि काझी अझीझुल हक

फोर्जेटनंतर सर फ्रँक सूटर यांच्या कारकिर्दीत मुंबईचा डिटेक्टिव्ह विभाग नावारूपाला आला तो दोन मुसलमान अधिकाऱ्यांमुळे. खानबहादूर मीर अकबर अली आणि त्यांच्यामागून खानबहादूर सरदार मीर अब्दुल अली. मीर अब्दुल अली हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विभागाचे प्रमुख होते आणि त्यांची कीर्ती एवढी होती की नौरोजी दुमासिया या पारशी पत्रकाराने त्यांचे चरित्र लिहिले. आज आपल्या मुलांना शेरलॉक होम्स माहीत असतो. तो तर कागदावरचा. हाडामांसाचे मीर अब्दुल अली मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत.

दुसरे नाव त्याहून मोठे आहे, आणि ते महाराष्ट्राबाहेरचे असले तरी सातारा-सांगलीतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याशी त्याचा संबंध आहे. काझी अझीझुल हक यांचा जन्म १८७२ मध्ये बंगालच्या खुलना जिल्ह्यात झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकले. बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री यांना बोटांच्या ठशांवर काम करण्यासाठी हुशार गणिती हवा होता. त्यांनी या तरुणाला फौजदार म्हणून घेतले.

दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, एवढे तेव्हा कळले होते. अडचण वेगळीच होती. हजारो गुन्हेगारांचे ठसे कागदावर घेतले तरी नवा ठसा त्या ढिगात शोधायचा कसा? एकेक कागद पाहत बसले तर महिने जातील. अझीझुल हक यांनी दहा बोटांच्या जोड्या पाडल्या, ठशांच्या वळणांना अंक दिले आणि त्या अंकांवरून ३२ आडव्या व ३२ उभ्या अशा १०२४ कप्प्यांत कागद लावण्याची रीत बसवली. ठसा हाती आला की त्याचा अपूर्णांक काढायचा आणि थेट त्या कप्प्यात हात घालायचा. १८९७ मध्ये कलकत्त्याला जगातले पहिले ठसे-कार्यालय सुरू झाले. ही पद्धत तिथून लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली आणि जगभर पसरली, पण नाव झाले ‘हेन्री पद्धत’. अझीझुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांना पुढे खानबहादूर आणि रायबहादूर या पदव्या व प्रत्येकी ५००० रुपये मिळाले. एक मुसलमान आणि एक हिंदू असे दोन तरुण एका टेबलावर बसून जगाला ही देणगी देऊन गेले.

या ठशांवर लढलेला एक आरंभीचा खटला १८९८ चा, जलपैगुडीचा. चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पेटीतल्या पंचांगाच्या पानावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा पुसट ठसा होता. तो जुन्या नोंदीतल्या एका माणसाशी जुळला. पण न्यायालयाने त्याला खुनाबद्दल शिक्षा दिली नाही, चोरीबद्दल दिली. ठसा एवढेच सांगत होता की या माणसाचा हात त्या वस्तूला लागला. खून त्यानेच केला, हे ठसा सांगत नव्हता. पुरावा जिथवर नेतो तिथवरच जायचे आणि पुढे एक पाऊलही टाकायचे नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

जन्मानेच गुन्हेगार

एकीकडे ठशाचे शास्त्र उभे राहत होते, तर दुसरीकडे त्याच सरकारने तपासाची सगळ्यात आळशी रीत कायद्यात बसवली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या देशाला लागू झाला. अमुक जातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार. त्याने ठाण्यावर हजेरी द्यावी, परवानगीशिवाय गाव सोडू नये. चोरी झाली की माग काढायची गरज नाही, यादी उघडायची. १९०८ मध्ये एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या तथाकथित गुन्हेगार जमातींवर पोलिसांसाठी एक पुस्तक लिहिले. ज्या रामोशी समाजाने पिढ्यान् पिढ्या गावाची राखण केली, पावलांचे माग काढले, त्याच समाजाचे नाव या पुस्तकात आले. राखणदारच संशयित ठरला.

त्याच पुस्तकात छप्परबंदांवरही प्रकरण आहे. छप्परबंद हा मुसलमान समाज. मुघल फौजेबरोबर छावण्यांची छपरे शाकारण्यासाठी ते दक्षिणेत आले असे सांगतात. फौजा गेल्या, धंदा गेला. त्यांच्यातल्या काहींवर खोटी नाणी पाडल्याचे आरोप झाले आणि सबंध समाजावर शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत, वडार आहेत, कैकाडी आहेत आणि ‘छप्परबंद (मुस्लिमांसह)’ अशीही नोंद आहे. कायदा गेला. पण ‘यादी उघडण्याची’ सवय कायद्याबरोबर जात नाही. ती माणसाच्या मनात राहते आणि नव्या नव्या यादीत नवी नावे येतात.

प्रतिसरकारचा धडा

१९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात जे प्रतिसरकार उभे राहिले, तो तर पोलिसांच्या गुप्त शाखेच्या पराभवाचाच इतिहास आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह बाहेर पडले. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत होते आणि बक्षिसे जाहीर करूनही पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

याची कारणे शोधली तर तपासाच्या मर्यादाही कळतात. एक कारण भूगोलाचे. इंग्रजी मुलखाला लागूनच सांगली, औंध अशी संस्थाने होती आणि हद्द ओलांडली की इंग्रजी पोलिसांना अडचण येई. औंध संस्थानात तर चळवळीबद्दल सहानुभूतीच होती. दुसरे कारण लोकांचे. ज्या घरात भाकरी मिळे ते घर तोंड उघडत नसे. मात्र याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खबऱ्या असल्याच्या संशयावरून चळवळीनेही माणसांना कठोर शिक्षा केल्या. ‘पत्री सरकार’ हे नाव त्या शिक्षांवरूनच पडले. संशयाची तलवार कोणाच्याही हातात असली तरी ती कधी ना कधी चुकीच्या मानेवर पडतेच.

आजचा तपास कसा चालतो

आपल्याकडे ‘डिटेक्टिव्ह’ नावाचे पद सहसा ऐकू येत नाही. प्रत्येक ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथक असते, त्याला ‘डीबी’ म्हणतात. जिल्ह्याला स्थानिक गुन्हे शाखा असते, तिला ‘एलसीबी’ म्हणतात. राज्याला पुण्यात मुख्यालय असलेला गुन्हे अन्वेषण विभाग आहे, तोच आपला ‘सीआयडी’. घटना घडली की जागा बंद करायची, पंचांसमक्ष पंचनामा करायचा, ठसे आणि नमुने उचलून मोहोरबंद करायचे, साक्षीदारांच्या जबान्या घ्यायच्या, फोनचे तपशील आणि कॅमेऱ्यांतील चित्रण मिळवायचे, आणि रोजच्या रोज तपासाची डायरी लिहायची. यात थरार फार कमी आणि कागद फार. पण इन्साफ या कागदांवरच उभा राहतो.

१८७२ च्या पुरावा कायद्याने एक फार शहाणा नियम घातला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही हा नियम कलम २३ मध्ये कायम आहे. इंग्रजांनाही ठाऊक होते की कोठडीत माणूस काहीही कबूल करतो. दंडुक्याने उत्तर मिळते, सत्य मिळतेच असे नाही.

या नियमाला महाराष्ट्रात १९९९ च्या मोक्का कायद्याने वाट करून दिली. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब त्यात पुरावा ठरतो. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात मशीद आणि कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते मुसलमान. पकडले गेले तेही ९ मुसलमान, आणि त्यांच्याविरुद्ध कबुलीजबाब उभे केले गेले. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांच्यातला एकजण जग सोडून गेला होता. हे त्या नऊ घरांचे नुकसान आहेच. पण ज्यांची माणसे त्या स्फोटांत गेली त्यांचेही ते तेवढेच नुकसान आहे, कारण चुकीच्या दिशेने गेलेली प्रत्येक वर्षाची धूळ खऱ्या पावलांवर बसते.

हा प्रश्न एका कौमचा नाही, याचीही उदाहरणे आपल्याच जिल्ह्यांत आहेत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. हमीद दलवाईंच्या नावावरून आपल्या मुलाचे नाव हमीद ठेवणारा हा माणूस. तपास आधी पुणे पोलिसांकडे, मग सीबीआयकडे गेला. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले, आणि सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही असे न्यायालयानेच निकालात म्हटले. सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. तो पळून गेला असे सांगण्यात आले आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला. हे उघडकीस आल्यावर पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला आणि तपास सीआयडीकडे गेला. दोन्ही ठिकाणी मेलेला माणूस मुसलमान नव्हता. तपास ढासळतो तेव्हा त्याच्या ढिगाऱ्याखाली कोण सापडेल हे जात-धर्म पाहून ठरत नाही. मात्र गरीब, एकटे आणि आधीच संशयाच्या यादीत असलेले लोक आधी सापडतात, हे खरे.

तजस्सुस आणि तहकीक

सूरह हुजुरात ही छोटी सूरह आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. तिच्यात एके ठिकाणी बजावले आहे की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी तिची छाननी करा, नाहीतर अजाणता कोणावर अन्याय कराल आणि मग पस्तावाल. थोडे पुढे त्याच सूरहमध्ये फार गुमान करण्यापासून आणि दुसऱ्याच्या गुपितांत डोकावण्यापासून मना केले आहे. डोकावण्यासाठी जो शब्द आहे तो ‘जासूस’च्याच कुळातला, तजस्सुस. म्हणजे एकाच सूरहमध्ये छाननीचा हुकूमही आहे आणि हेरगिरीची मनाईही. पोलिसांसाठी लिहिलेल्या कोणत्याही पुस्तकात तपासाची याहून चांगली व्याख्या मला आढळली नाही. घटना घडली असेल तर तहकीक करा. घटना नसताना माणसाच्या मागे लागू नका.

आता हा हुकूम फक्त पोलिसांसाठी आहे असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. गल्लीत भांडण झाले, चाकू निघाला, तर पंच म्हणून सही करायला आपल्यातले किती जण पुढे येतात? ‘नसती बला कशाला’ म्हणून दार लावून घेणारे आपणच असतो. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित नागरिक पंच म्हणून असावेत असे कायदा सांगतो. आपण गेलो नाही तर पोलिसांच्या ओळखीचे, प्रत्येक पंचनाम्यावर सही करणारे पंच येतात आणि मग त्या कागदावर विश्वास कोणी ठेवायचा? सूरह निसामध्ये गवाहीबद्दल जो आदेश आहे तो आणखी कठीण आहे. ती स्वतःविरुद्ध किंवा आईबापाविरुद्ध गेली तरी खरीच द्यायची. आपल्या मोहल्ल्यातल्या गुन्हेगाराला ‘आपला’ म्हणून झाकणारा माणूस मोहल्ल्यातल्या शंभर निरपराधांना संशयाच्या यादीत ढकलत असतो.

याबरोबर आपले हक्कही ठाऊक हवेत. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की अटकेचा लेखी पंचनामा व्हावा, नातेवाइकाला कळवावे, आणि कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २०२४ पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आली आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशीही तरतूद आहे. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, त्याशेजारी या चार ओळी लावायला काय हरकत आहे?

आणखी एक अपेक्षा आहे, ती मी शिक्षक म्हणून मांडतो. दहावीनंतर गणित-विज्ञान सोडू पाहणाऱ्या आपल्या मुला-मुलींना काझी अझीझुल हक यांची गोष्ट सांगितली पाहिजे. पोलीस भरतीत जावे, कायदा शिकावा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करावे. तपास चुकतो अशी तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहेच, पण तपासाच्या टेबलावर बसून तो बरोबर करणारी माणसेही आपल्याच घरांतून निघाली पाहिजेत. पुढच्या गावच्या राखणदाराला पटेल असेच माप काठीवर घ्यायचे, एवढे त्या जुन्या रामोश्याला कळत होते. आपल्या मुलांनी ठसे, रक्ताचे नमुने आणि फोनच्या नोंदी हाताळताना तेवढाच सचोटीचा हात ठेवला, तर पुरे.